हाक मारली की लांब होणारं घर

आमच्या घरात कुणी चंदनाला लांबून हाक मारली की घर थोडं लांब होतं.

माझ्या हे लक्षात आलं ते पोह्यांमुळे. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बशी नेईपर्यंत पोहे गार व्हायला लागले. आधी वाटलं, मीच हळू चालते. मग वाटलं, पोहेच कमी गरम असतील. पण एके सकाळी मी बशी घेऊन निघाले तेव्हा माझे मिस्टर, भरतेश, हॉलमध्ये पेपर वाचत होते, आणि मी पोचले तेव्हा ते कामाला निघून गेले होते. आमची छोटी लेक चंदना खिडकीपाशी बसून बटणं एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत होती. पोहे मीच खाल्ले.

संध्याकाळी भरतेशना सांगितलं. इचलकरंजीत ते कापड तपासायचं काम करतात, त्यामुळे डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानत नाहीत. भिंतीला हात लावत ते स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"लांब झालंय," ते म्हणाले. "आणि अरुंद पण झालंय. बरोबर आहे. कापड ताणलं की पन्हा कमी होतोच."

"पण ताणतंय कोण?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्यांची हाक आली. "चंदनाऽऽ! ए चंदनाऽऽ! दूध पिऊन जा गं!"

आमच्या पायाखालच्या फरशा हलल्या. त्या चौकोनी होत्या, त्या बघता बघता आयताकृती झाल्या. चंदनाने एक लाल बटण डबीत टाकलं.

"कळलं," भरतेश म्हणाले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी उभा जन्म मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. कारखाना सुटून किती वर्षं झाली, तरी त्या अजून माग चालू असल्यासारख्याच बोलतात. आमच्या गल्लीत ते कुणाला खटकत नाही. दोन्ही बाजूंना माग धडधडत असतात. इथे एखादा हळू बोलला तर लोक विचारतात, अंगात कणकण आहे काय.

म्हणूनच चंदनाला कमी ऐकू येतं हे आम्हाला लवकर कळलं नाही. हाक मारली की ती वळायची. पण एका दुपारी गल्लीतली वीज गेली, सगळे माग थांबले, आणि त्या शांततेत माझ्या हातून पातेलं पडलं. शेजारच्या शैलजावहिनी धावत आल्या. समोरच्या घरातलं बाळ झोपेतून उठून रडायला लागलं. चंदना मात्र माझ्याकडे पाठ करून बसली होती, ती तशीच बसून राहिली. ती आजवर वळायची ती हाकेला नाही, आत्यांच्या पायांच्या दणक्याला, हे नंतर समजलं.

सांगलीला मोमीन मॅडमनी तिचे कान तपासले आणि दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं असं सांगितलं. मशिनं लावू म्हणाल्या, ती यायला थोडे दिवस लागतील. घरी आल्यावर सगळ्यांनी चंदनाला पूर्वीपेक्षा जास्त हाका मारायला सुरुवात केली. ऐकू येतंय का बघू, म्हणून. घर लांबायला लागलं ते तेव्हापासून.

बाहेरून ते होतं तेवढंच होतं. एका अंगाला शैलजावहिनींचं घर, दुसऱ्या अंगाला मागाचं शेड, मध्ये आमच्या दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा बोळ. लांब व्हायचं ते आतून. शैलजावहिनींनी एकदा दारातून आत डोकावून पाहिलं.

"आत फिरायला आले तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "रस्त्यावर कुत्री लई झाल्यात."

"चालेल की."

दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन, बूट घालून आल्या. स्वयंपाकघरापर्यंत जायचं, माझ्याकडे पाणी प्यायचं आणि परत. जाताना त्या चंदनाला लांबून हात करायच्या आणि ओरडायच्या, "बाय चंदनाऽऽ!" घर आणखी लांबायचं. मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ बघून वहिनी खूश व्हायच्या.

मग जयसिंगपूरहून भूपालमामा आले. हे भरतेशचे मामा.

"मला कुणी शिकवू नका," त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं. "मी स्वतः पाच वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो."

ते खरं असावं. तेव्हाची सगळी भरपाई ते आता करत होते.

त्यांनी ताट आणि पळी मागून घेतली. चंदनाच्या मागे उभे राहून वाजवलं. ती वळली नाही. मामा एक पाऊल मागे गेले, वाजवलं, तिच्या नावाने ओरडले. आणखी एक पाऊल मागे गेले. असं करत करत ते बोळातून पार स्वयंपाकघरात पोचले. तिथून त्यांनी जी हाक मारली ती मला ऐकू आली नाही, पण पायाखालची फरशी सरकली म्हणून कळली. मी हॉलमध्ये त्यांचा चहा घेऊन बसले होते. चहावर साय आली. दिवेलागण झाली. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा हॉलमध्ये पोचले. दाढी वाढली होती. ताट वाटेत कुठंतरी राहिलं होतं, पळी हातात होती.

"पोरगी खेळात रमलीया, म्हणून लक्ष न्हाई," ते म्हणाले. मग कपाकडे बघितलं. "चहा गार झालाय."

"परत करते की."

"नको. आता परत स्वयंपाकघरात कोण जाणार," असं म्हणून ते पुढच्या दाराने जयसिंगपूरला गेले.

चंदनाला ह्यातलं काहीच वावगं वाटत नव्हतं. खिडकीत उजेड असतो म्हणून ती हॉलच्या टोकाला बसायची. तिच्या दृष्टीने माणसं अशीच असतात. आधी मोहरीएवढा ठिपका दिसतो. बघत राहिलं की त्याला हातपाय फुटतात. मग साडीचा रंग कळतो. आणि एकदम ती आई होते, आणि तिच्या हातात वाटी असते. मी दिसायला लागले की ती बटणं बाजूला सारून ठेवायची आणि मी पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे बघत राहायची.

मी शेगडी हॉलमध्ये आणून बघितली. तर आत्या रिकाम्या स्वयंपाकघरात जाऊन तिला हाका मारायला लागल्या.

"आत्या, हॉलमध्येच बसा की."

"इथनं हाक चांगली लागतीया," त्या म्हणाल्या.

भरतेशनी त्यांच्या पाया पडून, मशीन येईपर्यंत तरी हाक मारू नका, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आत्यांनी शब्द पाळला. पण जेवताना त्या मध्येच थांबायच्या, गळ्यापाशी हात न्यायच्या आणि एक हाक पाण्याबरोबर गिळायच्या. त्यांचं पोट दिसायला लागलं. शेगडी मी परत जागेवर नेली.

मशिनं आली. कानात बसणारे त्यांचे साचे गुलाबी होते, खायच्या गोळीसारखे. मोमीन मॅडमनी ती चंदनाच्या कानांत बसवली. चंदनाने वर पंख्याकडे बघितलं. इतके दिवस तो नुसताच फिरतो असं तिला वाटत होतं.

"मशीन आवाज मोठा करतं," मॅडम म्हणाल्या. "माणूस जवळ आणत नाही. तेव्हा लांबून हाका मारू नका. समोर जा, खाली बसा, तोंड दिसू द्या, मग बोला."

मी त्यांना घराचं सांगितलं. त्यांनी चंदनाच्या कानामागचे केस नीट केले.

"किती खोल्या आहेत?"

"दोन."

"होतं असं," त्या म्हणाल्या. "ही मुलं ज्या घरात असतात, त्या सगळ्या घरांत होतं. तुमच्याकडे जरा जास्त झालंय. बुधवारी परत या."

घरी कुकरची शिट्टी झाली तेव्हा चंदना हॉलच्या टोकाशी नव्हती, माझ्या कडेवर होती. तिने भोकाड पसरलं. ती रडली म्हणून मी हसले, आणि मी हसले म्हणून ती जास्तच रडली. भरतेश डोळे पुसत कुकरकडे बघत होते. "अजून एक शिट्टी होऊ दे," ते म्हणाले. भात पार गिचका झाला.

आत्यांनी मात्र वेगळाच अर्थ घेतला.

"आता मशीन हाय न्हवं?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांच्या साठवलेल्या सगळ्या हाका त्यांनी स्वयंपाकघरातून एकदम सोडल्या.

घर इतकं लांबलं की हॉलमधल्या पंख्याची पाती भिंतींना घासून थांबली. फरशांच्या पट्ट्या झाल्या. सोफा आडवा मावेना, म्हणून तो उभा धरून भिंतीला टेकवला. भरतेश सायकल आत घेऊन आले. बोळात सायकल वळवायला जागा नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघराकडे जाताना पुढे तोंड करून जायचे आणि हॉलकडे येताना उलटे, पाय जमिनीला रेटत यायचे. शैलजावहिनींनी फिरणं बंद केलं. "श्वास कोंडतो," त्या म्हणाल्या. "आणि चालूनही वजन उतरेना. उलट भिंती लागायला लागल्यात."

एकदा दुपारी मी भांडी घासत होते. बोळाच्या पलीकडच्या टोकाला मोहरीएवढी चंदना होती. ती मोहरी शोकेसवर चढत होती. वरच्या कप्प्यात टीव्ही होता. शोकेस हलली. मला सगळं ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून हाक निघून गेली.

"चंदनाऽऽ, उतर!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती आणखी लहान झाली. मोहरीची खसखस झाली, आणि मग नुसतीच तिकडची भिंत दिसायला लागली. मी तिला हाक मारली होती आणि माझ्याच हाकेने तिला उचलून लांब नेऊन ठेवलं होतं.

मी पळाले. आडवं व्हावं लागत होतं. खांदे सोलवटले. वाटेत मामांचं ताट पायात आलं. मी मनात देवाला म्हणत होते, टीव्ही पडू दे, पण मागे पडू दे. तोंडाने काही म्हणायची छाती नव्हती.

पोचले तेव्हा टीव्ही जागेवर होता. चंदना खाली सतरंजीवर झोपली होती. एक मशीन कानात होतं आणि एक मुठीत. मी गुडघ्यांवर बसले. तिने डोळे उघडले. मुठीतलं मशीन घेऊन मी तिच्या कानात बसवलं, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि हळूच म्हणाले, "आई आली."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हनुवटीला हात लावला.

माझ्या गुडघ्याखालची पट्टी किंचित रुंद झाली. एवढीशीच, बोटाच्या पेराएवढी. पण झाली.

संध्याकाळी भरतेशनी खाली वाकून ती फरशी तपासली. "पन्हा सुटलाय," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते कामावरून आले की आधी चंदनासमोर मांडी घालून बसायचे आणि दिवसभर तपासलेल्या कापडांची नावं तिला एकेक सांगायचे. पॉपलीन म्हटलं की ती हसायची, कारण त्यांचे ओठ दोनदा मिटायचे. एखादी फरशी सुटायची.

आत्यांना हे पटेना. "दूध पी एवढं सांगायला मी तालुक्याला जाऊ काय?" त्या म्हणायच्या. पण मी आता त्यांच्या तोंडावर नजर ठेवून असायचे. श्वास आत घेतला की मी "आत्या" म्हणायचे, आणि त्या तो सोडून द्यायच्या. नातीशी बोलल्याशिवाय तर त्यांना राहवत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांनी शिरा केला, वाटीत घेतला आणि माझ्याकडे न बघता बोळात शिरल्या.

आत्या अंगाने भरलेल्या आहेत. बोळाच्या मध्याच्याही पुढे गेल्यावर त्या अडकल्या.

मी मागून गेले. ढकललं, त्या हलेनात. ओढलं, तरी हलेनात. वाटीचा हात पुढे, दुसरा हात माझ्या बाजूला, आणि मध्ये आत्या, बाटलीत बूच बसवावं तशा. त्यांच्या खांद्यावरून मला हॉल दिसत होता. चंदना खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून बसली होती. मशिनं लावली होती, पण मागाचे आवाज तिच्या कानांत भरलेले असणार.

आत्यांची पाठ फुगली. मी ओळखलं.

"आत्या," मी म्हणाले, "आता हाक मारली तर भिंती आणखी आवळतील."

"मग काय करू?"

"वाट बघा. ती आपसूक वळेल."

"न वळली तर?"

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून आत्या गप्प उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "रोज अशीच वाट बघती का गं ती? आपली?" मी हो म्हणाले.

चंदनाचं एक बटण घरंगळत गेलं. ते घ्यायला ती वळली आणि तिला बोळात अडकलेली आजी दिसली. ती हसायला लागली. उठली, धावत आली. तिच्या अंगाला बोळ अजून ऐसपैस होता. आजीसमोर येऊन ती उभी राहिली.

आत्यांच्या छातीत आवाजापुरती हवा उरली नव्हती. त्यांनी फक्त तोंड हलवलं. ओठ पुढे काढून, मग फाकवून, मग जबडा उघडून, डोळे मोठे करून. कारखान्यात माग चालू असताना बायका एकमेकींशी तशाच बोलायच्या, खात्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, चहाचं, नवऱ्याचं, मुकादमाचं. मी ते ऐकून होते, बघितलं नव्हतं.

"शिरा," आत्यांचं तोंड म्हणालं.

चंदनाने ते तोंड नीट बघितलं, वाटी बघितली, पुन्हा तोंड बघितलं.

"आ," ती म्हणाली.

शिऱ्यातला शेवटचा आ म्हणाली, की घास घ्यायला तोंड उघडलं, हे मला सांगता येणार नाही. पण भिंतींनी आत्यांना सोडलं. त्या एकदम पुढे गेल्या आणि चंदनाच्या समोर फतकल मारून बसल्या. वाटीतला शिरा सांडला नाही.

त्यानंतर आत्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. त्यांनी हॉलमध्ये स्वतःसाठी खाट लावून घेतली. दिवसभर त्या चंदनासमोर बसून कारखान्यातल्या बायकांच्या भानगडी तिला सांगायच्या, कधी आवाजाने, कधी बिनआवाजाने. ह्या वयात तिला त्या सांगू नयेत असं मला वाटायचं, पण हॉलपर्यंत जाऊन कान देईस्तोवर त्या दुसऱ्याच बाईवर आलेल्या असायच्या. घर थोडं आखडलं. सायकल मागच्या चाकावर उभी करून वळवता यायला लागली. तरी चंदना मला अजून दाण्याएवढीच दिसायची, ज्वारीच्या दाण्याएवढी.

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. परातीच्या दोन्ही बाजूंना कोपरं भिंतींना लागत होती, त्याची आता सवय झाली होती. भरतेश कामाला गेले होते. तव्यावर एक भाकरी फुगली होती.

बोळातून आवाज आला.

"आ."

मला वाटलं भाकरीतली वाफ. पण तो भिंतींना धरून धरून लांबून आला होता, दमलेला. मी हात थांबवले. त्या टोकाकडून ह्या टोकाकडे आजवर कुणी हाक मारली नव्हती. बराच वेळ काहीच आलं नाही. आत्यांनी चंदनाला बरंच काही शिकवलं होतं, पण ई तिला अजून जमत नव्हती.

मग ती आली. बारीक, जरा वाकडी, पण ई.

"काय गं?" मी म्हणाले. इतक्या हळू की ते माझं मलाच ऐकू आलं.

डाव्या कोपराची भिंत सुटली. मग उजव्या. ओटा माझ्यापुढे रुंद झाला, फळीवरचे डबे एकमेकांपासून दूर सरकले, आणि पायाखालची फरशी चौकोनी झाली. मी बोळाकडे बघितलं. ज्वारीचा दाणा वाटाण्याएवढा झाला होता, मग लिंबाएवढा. तिचे पाय हलत नव्हते. ती जागेवरच उभी होती. अख्खा हॉलच येत होता, वाऱ्याने फुगलेल्या पडद्यासकट, शोकेससकट, खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेल्या आत्यांसकट.

मी गॅस बंद केला.

सगळ्यांच्या पुढे चंदना होती, आणि दुसऱ्या हाकेसाठी तिचं तोंड उघडलेलं होतं.